बँकांचा नफा मोबाइलने वाढवला? माझं मत: नाही

ताळेबंद_वाचक

गेल्या आठवड्यात मामेभावाच्या साखरपुड्यात पंगतीतच वाद झाला. एक नातेवाईक ठामपणे म्हणाले, "आता सगळं मोबाइलवर झालं, कागद गेला, माणसं कमी लागतात, म्हणून तर सरकारी बँका एवढ्या नफ्यात आहेत." चारचौघांनी माना डोलावल्या. मी नऊ वर्षं बँक शाखांचं ऑडिट करतो आणि मला हे अजिबात पटलं नाही. पंगतीत आकडे मांडता आले नाहीत, म्हणून इथे मांडतो.

आपल्या पुण्याच्या बँक ऑफ महाराष्ट्रचंच उदाहरण घ्या. मार्च २०१८ मध्ये तिची ढोबळ थकीत कर्जं १९.४८ टक्के होती. दिलेल्या शंभर रुपयांतले जवळजवळ वीस अडकलेले. २०१८-१९ मध्ये ४,७८४ कोटींचा तोटा. आणि २०२४-२५ मध्ये ५,५२० कोटींचा नफा, थकीत कर्जं १.७४ टक्के. एटीएम, इंटरनेट बँकिंग, मोबाइल ॲप हे सगळं तोट्याच्या वर्षांतही होतं. यूपीआय तर २०१६ पासूनचं. मग बदललं काय? जुन्या बुडीत कर्जांच्या तरतुदी, म्हणजे त्यांच्यापोटी बाजूला काढायचे पैसे, करून संपल्या, काही वसुली झाली, काही कर्जं निर्लेखित झाली, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकली, सरकारने भांडवल घातलं. सगळ्या सरकारी बँकांचीही हीच गोष्ट आहे. २०१७-१८ मध्ये मिळून ८५ हजार कोटींच्या वर तोटा, २०२४-२५ मध्ये सुमारे १.७८ लाख कोटी नफा. एवढी मोठी उलथापालथ मोबाइलमुळे होत नसते, ती कर्जखात्यांतूनच होते.

आता खर्चाकडे या. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, घ्यायला बंदी आहे. म्हणजे सेवा द्यायची, पण तिचे पैसे घ्यायचे नाहीत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या चर्चापत्रात हिशेब मांडला होता: दुकानदाराला केलेल्या सरासरी ८०० रुपयांच्या यूपीआय व्यवहारामागे सगळ्या घटकांचा मिळून साधारण २ रुपये खर्च होतो. सरकार त्यापोटी प्रोत्साहन रक्कम देतं, २०२४-२५ साठी ती १,५०० कोटी ठरली. त्या वर्षात यूपीआयचे व्यवहार झाले सुमारे १८,५८७ कोटी. ही रक्कम फक्त छोट्या दुकानदारांच्या व्यवहारांपुरती आहे हे मला माहीत आहे, तरी अंदाज यावा म्हणून सगळ्यांवर वाटून पाहा. व्यवहारामागे आठ पैसे येतात.

ऑडिट करताना सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. बँकेच्या नफातोटा पत्रकाचं परिशिष्ट १६ उघडा. पगार, भाडं, छपाई व स्टेशनरी, घसारा, टपाल-तार-दूरध्वनी, दुरुस्ती, विमा असे रकाने आहेत. तारेचा उल्लेख अजून आहे, पण संगणक प्रणालीवरच्या खर्चाला स्वतंत्र रकाना नाही. तो खर्च घसाऱ्यात, दुरुस्तीत आणि 'इतर खर्च' यात विखुरलेला असतो. ज्याचा खर्च वेगळा दिसत नाही त्याने नफा वाढवला, हे लोक इतक्या खात्रीने कशावरून म्हणतात?

विरोधी मतं हवी आहेत, पण आकड्यांनिशी.

निवृत्त_शाखाधिकारी

आपण २०१८ शी तुलना केलीत म्हणून उत्तर असं आलं. १९८५ शी करून पाहा.

मी १९८२ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागलो, पहिली नेमणूक कोल्हापूर जिल्ह्यात. सहामाही व्याज लावायचं म्हणजे आठ-आठ दिवस रात्री नऊपर्यंत लेजरवर बसायचं. एक जण आकडे वाचणार, दुसरा मशिनवर बेरीज मारणार. बॅलन्सिंगला तीन रुपये सत्तर पैशांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत कोणी उठायचं नाही. त्या जादा वेळाचा भत्ता बँकच देत होती. शाखा-शाखांमधला ताळमेळ तर वर्षानुवर्षं लागत नसे. आमच्या शाखेने काढलेला ड्राफ्ट दुसऱ्या गावच्या शाखेने दिला की नाही, याची सूचना टपालाने येई, कधी येतच नसे. त्या न जुळलेल्या नोंदींच्या आड काय काय अफरातफर दडून राही, हे ज्यांनी ती खाती उकरली त्यांना विचारा.

डॉ. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली संगणकीकरणाची वाट आखली तेव्हा आमच्या संघटनांनी कडाडून विरोध केला होता. मीही घोषणा दिल्या आहेत. नोकऱ्या जातील अशी भीती होती. ती भीती खोटी नव्हती, पण कामाबद्दलचं आमचं आकलन चुकलं होतं. सीबीएस, म्हणजे सगळ्या शाखा एकत्र जोडणारी कोअर बँकिंग प्रणाली, आल्यावर माझ्या शाखेत तेवढ्याच माणसांत चौपट खाती सांभाळली गेली. हा फायदा तुमच्या परिशिष्ट १६ मध्ये दिसणार नाही, कारण जो खर्च झालाच नाही त्याला रकाना नसतो.

ताळेबंद_वाचक

साहेब, तुमच्या शाखेबद्दल मी शंका घेणार नाही. पण त्याच सीबीएसची दुसरी बाजूही तुम्ही पाहिली असेल. पूर्वी बचत खात्यावर व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळायचं. संगणक आले, रोजचा हिशेब शक्य झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकीवर व्याज द्यायला लावलं. खातेदाराच्या दृष्टीने न्याय्यच झालं. पण बँकेला कामातून जे वाचलं त्यातलं बरंचसं व्याजापोटी गेलं.

ड्राफ्टवरचं कमिशनही गेलं. बाहेरगावचा चेक वटायला दहा-पंधरा दिवस लागायचे, तेवढे दिवस बँक ते पैसे फुकट वापरायची. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पैसे पाठवायच्या सोयी आल्या, आरटीजीएस २००४ ला, एनईएफटी २००५ ला, आणि तो वापर संपला. जानेवारी २०२० पासून बचत खातेदाराला ऑनलाइन एनईएफटीचं शुल्कही नाही. प्रत्येक टप्प्यावर फायदा ग्राहकाकडे सरकला. मला त्याचा आनंदच आहे, पण त्याला बँकेचा नफा म्हणू नये.

निवृत्त_शाखाधिकारी

खातेदाराला मिळालं म्हणूनच ठेवी बँकेत राहिल्या. फुकट वापरलेल्या पैशावर उभा राहिलेला नफा टिकणार नव्हताच. बाकी व्याजाच्या नियमाबद्दल तुमचं म्हणणं मान्य.

किराणा_बार्शी

मी हिशेबातला माणूस नाही, दुकानातला आहे. तुम्ही दोघं बँकेच्या आतून बोलताय, मी काउंटरच्या या बाजूने सांगतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी दुकानाचा गल्ला रात्री मोजायचो. दहाच्या नोटा वेगळ्या, वीसच्या वेगळ्या, फाटक्या बाजूला. सकाळी पोरगा भरणा घेऊन बँकेत जायचा, तासभर रांगेत. कॅशियर परत सगळं मोजायचा, बँक ते करन्सी चेस्टला, म्हणजे नोटा साठवायच्या मोठ्या तिजोरीला, गाडीने पाठवायची, बंदुकवाला सोबत. आता विक्रीतली निम्म्याहून जास्त रक्कम क्यूआरवर येते आणि सरळ चालू खात्यात पडते. चालू खात्यावर बँक मला एक पैसा व्याज देत नाही. माल भरायच्या दिवसापर्यंत ते पैसे बँकेच्या हातातच असतात. मग बँकेला फुकटात काय पडलं? भरणा मोजायचा खर्च वाचला तो वेगळाच.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यातल्या शिलकीपेक्षा जास्त उचलायची मुभा, मागायला गेलो तर मॅनेजरने स्टॉक स्टेटमेंट नंतर बघितलं, आधी खात्यातली रोजची क्यूआरची जमा बघितली. लिमिट आठवड्यात मंजूर झालं. आमच्या वडिलांना याच गावात कॅश क्रेडिटसाठी चार महिने खेटे घालावे लागले होते. खरा धंदा दिसला की कर्ज बुडायची भीती कमी होते. तुम्ही म्हणता नफा कर्जखात्यांतून आला, मग कर्ज कुणाला द्यावं हे मोबाइल सांगत असेल तर?

सर्व्हररूम

किराणा_बार्शी यांनी शेवटच्या ओळीत जे विचारलं तेच या धाग्यातलं मोलाचं आहे. मी मात्र खर्चाबद्दल बोलतो.

मी नवी मुंबईत एका बँकेच्या प्रणाली विभागात आहे. तुम्ही दहा रुपयांचा चहा यूपीआयवर घेता तेव्हा तुमच्या बँकेच्या कोअर सिस्टिममध्ये एक नावे नोंद होते, चहावाल्याच्या बँकेत एक जमा नोंद, मध्ये यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय. दहा रुपयांची नोंद आणि दहा लाखांची नोंद सर्व्हरला सारखीच. आणि क्षमता सरासरी दिवसाची ठेवून भागत नाही, पगाराच्या तारखेची आणि धनत्रयोदशीच्या संध्याकाळची ठेवावी लागते. बाकी वर्षभर त्यातली बरीच रिकामी. सप्टेंबर २०२२ मध्ये यूपीआय लाइट आणलं ते यासाठीच, म्हणजे छोट्या रकमा कोअरला न टेकता फोनवरूनच जाव्यात. तेव्हा ताळेबंद_वाचक यांचा खर्चाचा मुद्दा खराच आहे. आम्ही तो रोज भोगतो.

पण 'त्याने नफा वाढला का' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. 'तो खर्च केला नसता तर काय झालं असतं' असं विचारा. डिसेंबर २०२० मध्ये वारंवार सेवा बंद पडल्यामुळे रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला नवी डिजिटल उत्पादनं आणायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली. कार्डांवरची बंदी आठ महिन्यांनी सैल झाली, उरलेली मार्च २०२२ मध्ये उठली. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवे ग्राहक घ्यायला मनाई झाली, ती फेब्रुवारी २०२५ पर्यंत. या बँका भांडवलाने भक्कम होत्या, कर्जंही चांगली होती. फक्त प्रणालीवर पुरेसं लक्ष दिलं नाही म्हणून धंद्याचा दरवाजा बंद झाला.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं ऑगस्ट २०१८ चं प्रकरण आठवा. ती सहकारी बँक, व्यापारी नव्हे, पण धडा सगळ्यांना सारखाच. दोन दिवसांत ९४ कोटींच्या वर रक्कम गेली, बरीचशी परदेशातल्या एटीएममधून. सुरक्षेवर आधी केलेला खर्च ताळेबंदात 'खर्च' म्हणूनच दिसतो. तो न केल्याची किंमत एका शनिवार-सोमवारात दिसते.

ट्रेझरी_डेस्क

एक मुद्दा अजून कोणी काढला नाही. ठेवी मोबाइलवर आल्या की त्या तितक्याच वेगाने जाऊही शकतात. ९ मार्च २०२३ ला अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायच्या सूचना आल्या, दुसऱ्या दिवशी बँक बंद. शाखेबाहेर रांग लागायला जो वेळ लागतो तोसुद्धा मिळाला नाही.

आपल्याकडे याची दखल घेतली गेली. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं की इंटरनेट किंवा मोबाइल बँकिंगची सोय असलेल्या किरकोळ आणि लहान व्यवसायांच्या ठेवींवर १ एप्रिल २०२६ पासून २.५ टक्के जादा बहिर्गमन, म्हणजे अडचणीच्या काळात काढली जाईल अशी रक्कम, धरायचं. मसुद्यात ते ५ टक्के होतं. साध्या भाषेत, अशा ठेवींसाठी बँकेला थोडे जास्त सरकारी रोखे बाजूला ठेवावे लागतात, म्हणजे तेवढे पैसे जास्त व्याजाच्या कर्जाकडे जात नाहीत. इ-बँकिंगची ही सरळ किंमत आहे आणि नियामकाने ती आकड्यात लिहून दिली आहे. माझं मत ताळेबंद_वाचक यांच्या बाजूने.

किराणा_बार्शी

पण मोबाइल नसता तर ती ठेव तुमच्याकडे आली असती का?

ट्रेझरी_डेस्क

आली असती, हळू आली असती आणि हळू गेली असती. मला तशी ठेव जास्त आवडते.

बीसी_धारणी

मी मेळघाटात बँकेची बीसी आहे, म्हणजे शाखा नाही तिथे बँकेच्या वतीने व्यवहार करून देणारी प्रतिनिधी, लोक बँक मित्र म्हणतात. तुम्ही सगळे नफ्याचं बोलत आहात म्हणून सांगते, नफा कुठून आला ते आमच्याकडे येऊन बघा.

आमच्या गावापासून शाखा २६ किलोमीटर. पूर्वी म्हातारी माणसं निराधार योजनेचे पैसे काढायला अख्खा दिवस घालवायची, जीपचं भाडं वेगळं. आता माझ्याकडे अंगठा लावतात आणि पैसे घेतात. लोकांची सोय झाली हे शंभर टक्के खरं. पण बँकेचं जे वाचलं ते काही हवेतून आलं नाही. मशीन माझं, खोलीचं भाडं माझं, इंटरनेटचे पैसे माझे. रोकड आणायला त्या शाखेत मी स्वतः जाते, रस्त्यात काही झालं तर जोखीम माझी. मला व्यवहारावर कमिशन मिळतं, पगार नाही. ज्या दिवशी नेटवर्क नाही त्या दिवशी कमिशन नाही. बँकेचा खर्च कमी झाला, तो आमच्याकडे आला. हे कुठल्या परिशिष्टात लिहितात?

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि ते ऐकून वाईट वाटलं. बीसींच्या मोबदल्याबद्दल संघटनेतून आम्ही बोललो होतो, पुरेसं बोललो नाही.

पण ताळेबंद_वाचक, याच उदाहरणात माझं उत्तरही आहे. जनधन खाती ५० कोटींच्या वर गेली आणि त्यांतल्या ठेवी २ लाख कोटींच्या वर. आमच्या काळात शंभर-दोनशे रुपयांचं खातं उघडायला आम्ही नाखूश असायचो, कारण त्या खात्याच्या लेजरच्या पानाचा खर्चही निघत नसे. आज तीच खाती बचत ठेवींच्या व्याजदरात मिळालेला, सहसा न हलणारा पैसा आहेत. इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेशिवाय हा पैसा बँकेत आलाच नसता. ट्रेझरीवाल्यांना हवी तशी शांत ठेव हीच.

ताळेबंद_वाचक

या मुद्द्यावर मी मागे हटतो. आतापर्यंत मी फक्त शुल्काच्या उत्पन्नाकडे आणि खर्चाकडे पाहत होतो. इ-बँकिंगचा फायदा तिथे शोधणं चूक होतं. तो स्वस्त ठेवींत आहे, म्हणजे निव्वळ व्याज उत्पन्नात (कर्जावर मिळालेलं व्याज वजा ठेवींवर दिलेलं). बँक ऑफ महाराष्ट्रचंच बघायचं तर चालू आणि बचत खात्यांचा ठेवींतला मोठा वाटा ही तिची जुनी ताकद, आणि ती मोबाइलच्या काळात टिकली हे मान्य करायला हवं.

पण किराणा_बार्शी यांना एक विचारतो. लिमिट बँकेने दिलं, छान. तुमच्या दुकानातला साउंडबॉक्स कुणाचा आहे? बँकेचा, की ॲप कंपनीचा?

किराणा_बार्शी

ॲप कंपनीचा. महिन्याचं भाडंही तीच घेते. आणि खरं सांगायचं तर कर्जाच्या ऑफरी रोज त्याच ॲपवर येतात. बँकेकडून वर्षात एखादा फोन.

ताळेबंद_वाचक

माझा आक्षेप आता इथे येऊन ठेपतो. यूपीआयचे ऐंशी टक्क्यांच्या आसपास व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोन ॲपवरून होतात. खातं बँकेचं, सर्व्हर बँकेचा, तक्रार बँकेकडे, पण ग्राहकाचे डोळे दुसऱ्याच्या पडद्यावर. किराणा_बार्शी यांचा रोजचा धंदा त्यांची बँक पाहते तसा ॲपवालाही पाहतो, आणि तो जास्त चपळ आहे. पुढचं कर्ज तो स्वतःच्या भागीदार वित्त कंपनीकडून देईल. तेव्हा बँकेकडे उरेल ती फक्त नोंद ठेवण्याची हमाली. म्हणूनच मी म्हणतो, निदान मोठ्या दुकानदारांवर यूपीआयसाठी थोडा तरी एमडीआर हवा, म्हणजे बँकांना स्वतःची ॲप सुधारायला पैसा राहील.

किराणा_बार्शी

मोठ्यांपासून सुरू झालेलं आमच्यापर्यंत यायला वेळ लागत नाही. कार्डावर दोन टक्के कापले जायचे तेव्हा बाजारपेठेत अर्धे दुकानदार गिऱ्हाइकाला 'कॅश द्या' म्हणायचे, नाहीतर वर दोन टक्के मागायचे. परत तेच होईल. आणि परत बँकेचा कॅशियर नोटा मोजत बसेल.

सर्व्हररूम

जून २०२५ मध्ये यूपीआयवर एमडीआर येणार अशी चर्चा उठली होती तेव्हा अर्थ मंत्रालयाने ती लगेच खोटी म्हणून फेटाळली. तेव्हा लवकर काही होईल असं धरून चालू नये. आणि एमडीआर मिळाला म्हणून बँका ॲप सुधारतील याची मला आतून पाहताना खात्री वाटत नाही. आमच्याकडे ग्राहकाला ॲपमध्ये काय हवं हे ठरवणाऱ्या बैठकीत सात विभाग असतात. पैशापेक्षा तिथे अडतं.

ताळेबंद_वाचक, तुमच्या रकान्याच्या तक्रारीला मात्र थोडं उत्तर आहे. एप्रिल २०२२ मध्ये डिजिटल बँकिंग युनिटांबद्दल (डिजिटल सेवा देणारी बँकेची केंद्रं) रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं, त्यानंतर बँकांना किरकोळ बँकिंगच्या पोटात 'डिजिटल बँकिंग' हा उपविभाग वेगळा दाखवायचा आहे. वार्षिक अहवालात सेगमेंटच्या, म्हणजे व्यवसायाच्या विभागवार, तक्त्यात पाहा.

ताळेबंद_वाचक

पाहिलं आहे. काही बँकांनी त्यात फक्त त्या युनिटांचे आकडे घातलेत, काहींनी डिजिटल मार्गाने आलेलं बरंच काही. एकाची दुसऱ्याशी तुलनाच होत नाही. व्याख्या एक होऊ दे, मग याच धाग्यावर मी पाच बँकांचे आकडे शेजारी शेजारी लावून दाखवतो. त्यात मी चुकीचा ठरलो तर तसं लिहीन.

बीसी_धारणी

सर्व्हररूम दादा, एक विचारायचं होतं. काल एका आजींनी अंगठा लावला, खात्यातून पाचशे कापले गेले, माझ्या मशीनवर 'व्यवहार अयशस्वी' आलं. आजी समोर बसून. मी काय सांगायचं त्यांना?

सर्व्हररूम

ताई, रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. असा व्यवहार झाल्यावर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत जमा व्हायला हवेत, त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, तक्रार केली नसली तरी. पावती निघाली असेल तर त्यावरचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. आजींच्या पासबुकात नोंद मारून घ्या आणि पाच दिवसांत आले नाहीत तर शाखेत लेखी द्या.

बीसी_धारणी

क्रमांक आहे. पाच दिवस थांबा असं त्यांना सांगवलं नाही, त्यांना काल संध्याकाळच्या बसने नातवाकडे जायचं होतं. मी माझ्या गल्ल्यातले पाचशे दिले. बँकेकडून पैसे परत आले की इथे कळवते.